आईबाप अज्ञात

इंग्रजीत अलीकडे कादंबरीचा एक प्रकार फार लोकप्रिय झाला आहे. त्यात दोन काळ आलटून पालटून चालतात. एका काळात पोरकी झालेली भावंडे असतात. कोणी तरी त्यांची ताटातूट करते, त्यांची नावे बदलते आणि कागदपत्रे दडवून ठेवते. दुसऱ्या काळात, दोन पिढ्यांनंतर, त्या घरातील एखादी नात आजीच्या मौनाने अस्वस्थ होऊन विचारपूस करू लागते. लिसा विंगेट या अमेरिकन लेखिकेची २०१७ साली प्रसिद्ध झालेली ‘बिफोर वुई वेअर युअर्स’ ही कादंबरी याच प्रकारातील आहे. मिसिसिपी नदीवरील नावेत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबातील पाच भावंडे १९३९ साली मेम्फिस शहरातील अनाथाश्रमात नेली जातात, तेथून ही कथा सुरू होते. त्यातील पात्रे काल्पनिक आहेत. संस्था मात्र खरी होती. जॉर्जिया टॅन नावाची बाई १९२४ पासून १९५० पर्यंत ती चालवीत होती. गरिबांची मुले फसवून आणावयाची, खोटे कागद करावयाचे आणि श्रीमंतांकडून पैसे घेऊन ती मुले दत्तक द्यावयाची, असा तिचा उद्योग होता. १९५० मध्ये चौकशी सुरू झाली आणि ती संस्था बंद पडली. परंतु दप्तर मोहोरबंदच राहिले. त्या मुलांना आपली कागदपत्रे पाहण्याची मुभा १९९५ साली मिळाली. तोवर भाऊ भावाला शोधीत म्हातारा झाला होता.

अशी कथा वाचताना आपल्याला वाटते, हे सारे परदेशातले. आपल्याकडे भावकी आहे, गोतावळा आहे, इथे कोण कोणाला हरवणार? म्हणूनच प्रस्तुत लेखात आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाकडे थोडे पाहावयाचे आहे.

नागापूर हे अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर शहराच्या उत्तरेचे, मनमाड रस्त्यावरील, सीना नदीच्या आश्रयाचे गाव. औद्योगिक वसाहत झाली आणि पोटापाण्यासाठी जिल्ह्यातील निरनिराळ्या तालुक्यांतून माणसे या भागात आली. अशा ठिकाणी दोन कुटुंबांची ओळख झाली की पहिला प्रश्न येतो, “तुमचे मूळ गाव कोणते?” आपल्या जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांजवळ या प्रश्नाचे उत्तर असते. त्यांचे पूर्वज आपापल्या गावी, आपल्या भावकीसह ख्रिस्ती झाले. त्यांना कूळ, आडनाव, शीव सारे ठाऊक आहे. परंतु काही घरांत हा प्रश्न तिसऱ्या पिढीपाशी अडतो. “पणजोबा दुष्काळात मिशनमध्ये आले,” एवढे एकच वाक्य हाती येते. कोठून आले, कोणाबरोबर आले, त्यांना भाऊबहीण होते काय, हे विचारले की घरातील वडीलधारी माणसे विषय बदलतात. त्या एका वाक्याच्या मागे काय आहे?

त्यामागे पंचवीस वर्षांतले तीन मोठे दुष्काळ आहेत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात पन्नास लाखांहून अधिक माणसे घेतली, असा अंदाज आहे. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्यातून देश सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा. तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला, म्हणून ‘छपन्नचा दुष्काळ’ या नावाने ओळखला गेला. अहमदनगर जिल्हा अवर्षणाचा. सह्याद्रीने अडवलेला पाऊस इथवर पोहोचेपर्यंत विरळ होतो. पीक बुडाले की मजुरी बुडे, मजुरी बुडाली की धान्य विकत घेण्याचे बळ जाई, आणि मग कुटुंबच्या कुटुंब सरकारी दुष्काळी कामाच्या दिशेने चालू लागे. त्या वाटेवर आणि त्या छावण्यांत उपासमारीने जितकी माणसे गेली, तितकीच पटकीने व तापाने गेली. आईबाप दोन दिवसांच्या अंतराने जात आणि मागे दहा वर्षांची बहीण, सहा वर्षांचा भाऊ राही.

या मुलांना उचलून घेणारे हात अनेक होते, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी बालाश्रम चालविला. अहमदनगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून काम करीत होते. त्याच्या रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळनिवारणाच्या कार्याबद्दल १९०१ साली कैसर-ए-हिंद पदक मिळाले. आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे येशूसंघीय धर्मगुरू राहुरी तालुक्यातील केंदळ येथे आले, तेही त्या पहिल्या दुष्काळाच्याच दिवसांत, १८७८ च्या सुमारास. आणि पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे जे मुक्तिसदन उभारले, त्याची तर जगभर ख्याती झाली.

रमाबाईंचे उदाहरण थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण त्या स्वतःच पोरक्या भावंडांपैकी एक होत्या. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत फिरत असे. १८७४ नंतरच्या दुष्काळी वर्षांत आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईचे प्रेत उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा श्रीनिवास व रमा या भावंडांनीच खांदा दिला. रमा ठेंगणी, म्हणून तिने तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. पुढे ही दोघे भावंडे अनवाणी, अर्धपोटी, हजारो मैल चालली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे तिच्या विद्वत्तेचा सन्मान झाला आणि ती ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ झाली. १८८० साली श्रीनिवासही वारला. ही हकिगत आपल्याला ठाऊक आहे ती रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली म्हणून. भुकेने ग्रासलेल्या आपल्या आईबापांची लाज त्यांनी बाळगली नाही.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तेथील छावण्यांत त्यांनी जे पाहिले, त्यात त्यांना आपलेच बालपण दिसले असले पाहिजे. तेथून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतून आणखी आणल्या, आणि केडगावातील संख्या एकोणीसशेच्या घरात गेली. मुक्तिसदन हे मुख्यतः मुलींचे व स्त्रियांचे. परंतु मुलग्यांसाठीही त्यांनी तेथे ‘सदानंद सदन’ चालविले. हे लहानसे वाटते, पण त्या काळची सर्वसाधारण शिस्त निराळी होती. मुलग्यांचा आश्रम एका ठिकाणी, मुलींचा दुसऱ्या ठिकाणी, कधी दुसऱ्या गावी. म्हणजे दुष्काळाने ज्या भावंडांना एकत्र ठेवले, त्यांना आश्रय मिळताच ती वेगळी होण्याचा संभव असे. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. शेकडो मुले दारात असता खिचडी, औषध, अंगावर चिंधी यांचीच निकड मोठी. पण सहा वर्षांच्या भावाला बहिणीचे नाव किती दिवस आठवणार?

इथे नावाचा प्रश्न येतो. दुष्काळात सापडलेल्या लहानग्याला आपले नाव सांगता येई, कधी गावाचेही, आडनाव क्वचितच. आश्रमात आल्यावर स्नानसंस्कार होई आणि नवे नाव मिळे. आपल्या ख्रिस्तसभेच्या जुन्या नोंदवह्या लॅटिन भाषेत लिहिल्या जात. बालकाचे नाव, तारीख, धर्ममातापिता, संस्कार देणारा धर्मगुरू, असे रकाने असत. आईबापांच्या नावांच्या जागी, ती ठाऊक नसतील तर, ‘अज्ञात’ या अर्थाचा शब्द येई. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणेच लिहिले. त्याला जे ठाऊक नव्हते ते त्याने रचले नाही. परंतु ज्या दिवशी मुलाला स्वतःचे जुने नाव आठवत होते, त्या दिवशी ते नवीन नावाशेजारी लिहून घेतले तर पणतवंडाला धागा मिळतो, आणि न घेतले तर तो तेथेच तुटतो. एका ओळीचा फरक!

या कामावर त्या काळीही टीका झाली होती आणि तिचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. १८९७ च्या दुष्काळात लाला लजपत राय यांनी आर्य समाजाच्या वतीने हिंदू अनाथ मुलांसाठी मदतकार्य उभारले. ही मुले मिशनरींच्या हाती जाऊन आपल्या समाजाला कायमची अंतरू नयेत, हा त्यामागील एक उघड हेतू होता. त्या आक्षेपाला ‘आम्ही जीव वाचविले’ हे उत्तर खरे आहे आणि ते लहान उत्तर नाही. परंतु जीव वाचविणे आणि मुलाचा मागचा धागा जपणे, ही दोन कर्तव्ये एकमेकांच्या आड येत नाहीत. भाकर देणाऱ्याला ओळही लिहिता येते.

कोणी म्हणेल, अनाथ मुलाच्या बाबतीत गुप्तताच हिताची असते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण कोणाच्या हिताची, हे विचारले पाहिजे. जोतीराव व सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. संकटात सापडलेल्या विधवेने तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, आणि तिची वाच्यता होऊ नये, ही त्या घराची हमी होती. पंढरपुरात १८७५ पासून प्रार्थना समाजाच्या मंडळींनी चालविलेला बालकाश्रमही याच करुणेतून जन्मला. ती गुप्तता आईचा जीव वाचविण्यासाठी होती. ती नसती तर आई विहिरीत जाती आणि मूल उकिरड्यावर. परंतु त्याच फुले दांपत्याने काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत १८७४ साली दत्तक घेतला, तेव्हा त्याचे मूळ लपविले नाही. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यालाच आपला वारस केले. यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता गेल्या. आईला झाकणारा पडदा आणि मुलाला अंधारात ठेवणारा पडदा यांतला फरक त्या घराने एकोणिसाव्या शतकात ओळखला होता.

इटलीतील फ्लॉरेन्स येथे १४४५ साली मासूम बालकांच्या नावाने एक अनाथालय उघडले. आपले मूल तेथे सोडून जाणाऱ्या आयांपैकी काही जणी एखादे पदक अथवा नाणे मधोमध तोडून अर्धे मुलाबरोबर ठेवीत आणि अर्धे स्वतःजवळ. आई कोण, हे कोणास सांगावयाचे नाही. पण कधी काळी परत येता आले तर दोन तुकडे जुळवून ओळख पटावी, ही आशा. अनाथालयाचे लोक तो तुकडा मुलाच्या नोंदीबरोबर जपून ठेवीत. असे अर्धे तुकडे आजही तेथील संग्रहालयात आहेत. आईची लाज राखूनही मुलाचा धागा राखता येतो, याचा याहून साधा पुरावा कोणता?

आपल्या जिल्ह्यात हा धागा आणखी एका कारणाने नाजूक झाला. सुरुवातीच्या काळात येथे काम केलेले येशूसंघीय धर्मगुरू बहुतांशी जर्मन भाषक होते. कोणते मूल कोठून आले, कोणाची बहीण कोणत्या आश्रमात आहे, यातील पुष्कळशी माहिती त्यांच्या स्मरणात असणार. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन मिशनरी सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अहमदनगरातच स्थानबद्धतेची छावणी होती. अनेकांना स्थानबद्ध करून पुढे मायदेशी पाठविण्यात आले. ‘निरोप्या’ मासिक १९०३ साली सुरू करणारे आणि पुढे पुण्याचे महागुरू झालेले हेन्री डोरिंग युद्धाच्या वेळी युरोपात होते. त्यांना परत येऊ दिले गेले नाही. १९२१ साली त्यांची नेमणूक जपानात हिरोशिमा येथे झाली आणि पुण्यास ते १९२७ सालीच परतू शकले. माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे स्मरण गेले. उरल्या त्या नोंदवह्या.

म्हणून नोंदवहीकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलावयास हवी. लग्नाच्या वेळी दाखला काढण्यापुरती तिची आठवण होते. पण नोंदवही ठेवण्याचा नियम १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घातला, त्यामागे एक अगदी व्यावहारिक भीती होती. निषिद्ध नात्यातील माणसांचा अजाणता विवाह होऊ नये. सख्ख्या भावाबहिणीचा विवाह कोणत्याही सवलतीने वैध होत नाही. आणि जिथे भावंडे लहानपणी वेगळी झाली, तिथे ही भीती काल्पनिक नसते. १९८३ च्या कायदेसंहितेने दत्तक बालकाच्या स्नानसंस्काराच्या नोंदीचा स्वतंत्र विचार केला आहे (कलम ८७७). दत्तक घेणाऱ्यांची नावे लिहावयाची. आणि त्या प्रदेशाच्या नागरी दप्तरात जन्मदात्यांची नावे नोंदली जात असतील तर महागुरूंच्या परिषदेच्या नियमांनुसार तीही लिहावयाची. दत्तकविधानाची टीप स्नानसंस्काराच्या नोंदीवर करावयाची, आणि जुन्या नोंदवह्याही काळजीपूर्वक जपावयाच्या, असे ५३५ वे कलम सांगते.

देशाचा कायदाही हळूहळू याच दिशेने आला आहे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. ख्रिस्ती जोडप्याने अनाथ मूल घरी आणले तर १८९० च्या कायद्यान्वये ते केवळ ‘पालक’ होत; मूल सज्ञान झाले की ते नातेही कायद्याच्या दृष्टीने संपे. आपल्या समाजात अशा मुलांविषयी जी कुजबुज चाले, ‘पोटचा नव्हे, सांभाळलेला’, तिला कायद्याचाही टेकू होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर त्यांचा दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला. २००० चा बालन्याय कायदा, त्यातील २००६ ची दुरुस्ती आणि नंतरचा २०१५ चा कायदा यांनी हा मार्ग सर्व धर्मीयांना खुला केला. बालकाच्या हिताला प्राधान्य देणारी आंतरदेशीय दत्तकाची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच घालून दिली होती. १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. मुलाच्या मूळ कुटुंबाविषयीची माहिती जपून ठेवण्याची जबाबदारी तो करार राष्ट्रांवर टाकतो. आजच्या दत्तक नियमावलीत मूळ शोधण्याची स्वतंत्र तरतूद आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीस त्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. मात्र जन्मदात्या आईबापांच्या खाजगीपणाचा भंग होणार नाही, हे पाहिले जाते. फ्लॉरेन्सच्या अर्ध्या नाण्यामागचा विचार इथे कायद्याच्या भाषेत आला आहे. आपल्या नगरमध्ये १९८९ साली सुरू झालेल्या स्नेहालयासारख्या संस्था निराधार बालकांसाठी काम करीत आहेत. दुष्काळ मागे पडले तरी पोरकेपण संपलेले नाही.

पवित्र शास्त्रात मोशेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आईने बाळ टोपलीत ठेवून नदीच्या लव्हाळ्यांत सोडले. राजकन्येने ते उचलले, वाढविले, नाव दिले. पण टोपली सोडल्यापासून ती उचलली जाईपर्यंत दूर उभी राहून लक्ष ठेवणारी एक लहान मुलगी त्या गोष्टीत आहे. ती त्याची बहीण. तिने पाहिले, ध्यानात ठेवले, आणि योग्य वेळी पुढे होऊन सख्ख्या आईलाच दाई म्हणून आणले. त्यामुळे मोशे राजवाड्यात वाढूनही आपले लोक कोण हे जाणत होता. दुष्काळात सापडलेल्या मुलांच्या बाबतीत बहिणीचे हे काम लिहिणाऱ्याने करावयाचे असते.

आज आपल्या हाती काय आहे? ज्या घरांत मूल दत्तक आहे, त्या घरांतील आईबापांनी ते मुलाला त्याच्या समजुतीच्या बेताने, लहानपणीच सांगावे. शाळेतल्या भांडणात किंवा लग्नाच्या बोलणीत परक्या तोंडून ते कळण्यासारखे दुःख नाही. ज्या घरांत “दुष्काळात आले” एवढेच वाक्य उरले आहे, तेथे ऐंशी-नव्वदीच्या वडीलधाऱ्या माणसांजवळ बसून त्यांना जे आठवते ते वहीत उतरवून घ्यावे: गावाचे अर्धवट नाव, एखादे हाक मारण्याचे नाव, “एक बहीण होती म्हणे” असे ओझरते बोलणे. निरुपयोगी वाटले तरी लिहावे. आणि धर्मग्रामाच्या जुन्या वह्यांना वाळवी लागण्यापूर्वी त्यांच्या प्रती करण्याचे काम धर्मगुरू व धर्मग्रामस्थ यांनी मिळून हाती घ्यावे. जिवंत माणसांच्या नोंदी अर्थातच चारचौघांत उघड करावयाच्या नाहीत. ज्याची नोंद त्याच्यासाठी ती सुरक्षित ठेवावयाची.

दुष्काळात आईबाप गेले, हा कुळाचा कलंक नव्हे. सहा वर्षांचे ते पोर पटकी, भूक आणि चाळीस कोसांची वाट पार करून जगले, म्हणून आज हे घर आहे. रमाबाईंना आपल्या आईची तिरडी डोक्यावर घेतल्याचे सांगताना लाज वाटली नाही. आपल्या पणजोबांची हकिगत सांगताना आपल्यालाही वाटू नये.